लेकुरवाळं गवत: आल्प्समधलं पोआ अल्पिना ओळखायचं कसं

गेल्या ऑगस्टमधे ताईकडे स्वित्झर्लंडला गेले होते. इंटरलाकेनच्या शेजारी विल्डर्सविल नावाचं गाव आहे, तिथून दातेरी रुळांची एक छोटीशी ट्रेन शिनिगे प्लाटेला जाते, १८९३ पासून चालतीये, इतकी हळू की खिडकीतून हात काढून गवत उपटावं असं वाटतं. वर साधारण दोन हजार मीटरवर सगळे लोक आयगर, म्योंश आणि युंगफ्राऊ या तीन शिखरांकडे तोंड करून सेल्फी काढत होते, आणि मी बुटाची नाडी बांधायला खाली बसले तर समोर एक गवताचा ठोंब, जेमतेम वीतभर उंच, आणि त्याच्या तुऱ्यावर, म्हणजे जिथे बी असायला हवं तिथे, चक्क गवत उगवलेलं. बारीक बारीक हिरव्या पात्यांचे झुबके. एका दांडीवर वीसेक तरी.

फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. काका म्हणाले पावसात बी उगवलंय, चुलतभाऊ म्हणाला रोग आहे, आणि आई म्हणाली, "अगं हे तर लेकुरवाळं हळकुंड दिसतंय." लग्नातल्या हळदीला जे पोटच्या पिल्लांसकट असलेलं हळकुंड लागतं ना, ते. तिघांमधे आईच सगळ्यात जवळ होती, का ते पुढे येईलच.

त्या गवताचं शास्त्रीय नाव पोआ अल्पिना. आल्प्समधल्या हिमनद्यांचे फोटो हल्ली दर उन्हाळ्यात पेपरात येतात, २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांचा मिळून दहा टक्के बर्फ गेला, आणि त्या फोटोंमधे बर्फ मागे हटून जे राखाडी दगडगोटे उघडे पडलेले दिसतात, तिथे पहिल्या काही वर्षांत जी मोजकी झाडं येऊन बसतात त्यात हे एक. म्हणून म्हटलं जरा नीट समजून घेऊ आणि समजलं ते सोपं करून लिहू.

आधी हे गवतच आहे ना?

हसू नका, निम्मी चूक इथेच होते. बारीक, लांब, हिरवं दिसलं की आपण गवत म्हणून मोकळे होतो. आपल्या शेतात लव्हाळा किंवा नागरमोथा असतो, तो दिसतो गवतासारखा, पण ते गवत नव्हे, त्याचं घराणंच वेगळं. दांडी चिमटीत धरून बोटांमधे फिरवा. तीन कडा लागल्या तर बहुतेक लव्हाळ्याच्या घराण्यातलं. गोल फिरली, आणि दांडीला उसासारखी पेरं असली, म्हणजे मधे मधे गाठ आणि दोन गाठींच्या मधलं कांडं पोकळ, तर गवत. ऊस पोकळ नसतो हे मला माहितीये, पण पेर कळायला उसाइतकं चांगलं उदाहरण नाही.

उंच डोंगरावर ही चाचणी जास्तच लागते, कारण तिथे लव्हाळ्याची भावकी खूप आणि सगळीच बुटकी, थंडीवाऱ्याला दबून बसलेली.

बुडापासून सुरुवात करा, तुऱ्यापासून नाही

आपली सवय अशी की फूल बघायचं. गवताच्या बाबतीत ही सवय सोडा, खाली वाका, ठोंबाच्या बुडाशी बघा. पोआ अल्पिना पसरत नाही, म्हणजे हरळीसारखी जमिनीवरून धावणारी खोडं सोडत नाही, एका जागी घट्ट ठोंब करून राहतं. आणि बुडाला जुन्या पानांच्या वाळक्या आवरणांचे थरच्या थर असतात. उसाचं पाचट काढलंच नाही तर कसं दिसेल तसं, फक्त बोटाएवढ्या आकारात. त्यामुळे बूड जाड, थोडं सुजल्यासारखं वाटतं. हे पाचट म्हणजे त्याची गोधडी असावी असं मला वाटतं, आतल्या कोवळ्या कोंबाला थंडीपासून तेवढाच आडोसा.

मग पाती. आखूड, काही सेंटिमीटरच लांब, पण त्या मानानं रुंद, दोन ते पाच मिलिमीटर, सपाट आणि निळसर झाक असलेली हिरवी. दोन खुणा बघायच्या. एक, पातं उजेडाकडे धरलं की मधोमध दोन फिकट रेषा शेजारी शेजारी जाताना दिसतात, अगदी रेल्वेच्या रुळांसारख्या. दुसरी खूण पात्याच्या टोकाला. बहुतेक गवतांचं टोक सुईसारखं निमुळतं होत जातं, पण इथे पातं शेवटपर्यंत रुंद राहतं आणि मग एकदम मिटतं, होडीच्या नाळेसारखं. ते टोक बोटानं दाबून सपाट करायला जा, मधून दुभंगतं आणि दोन शेंड्या होतात. हे मी तिथे निदान दहा वेळा केलं, ताई वैतागली, पण एकदा करून बघाच.

मात्र या दोन्ही खुणा पोआच्या सगळ्या कुळालाच असतात, एकट्या अल्पिनाला नाही. म्हणजे इथवर तुम्हाला आडनाव कळलं. नाव कळायला बुडाचं पाचट, आखूड रुंद पानं आणि तुरा, असं सगळं एकत्र धरावं लागतं.

तुरा: बी असलेला आणि पोरं असलेला

गवताचा तुरा कसा बनतो ते एकदा सांगते आणि मग पुन्हा नाही छळणार. तुऱ्याच्या बारीक फांद्यांवर जे छोटे छोटे मणी दिसतात त्यांना कणिशक म्हणतात. एक कणिशक म्हणजे फुलांची पुडी. खाली दोन तुसं, त्यांच्या आत दोन ते पाच फुलं एकावर एक रचलेली, प्रत्येक फुलाला परत स्वतःचं वेगळं तूस. पाकळ्या बिकळ्या काही नाही, परागकण वाऱ्यावर जायचे असतात मग सजावट कोणासाठी करायची.

पोआ अल्पिनाचा तुरा दोन ते सात सेंटिमीटर, खाली रुंद आणि वर निमुळता, देवळाच्या कळसासारखा. कणिशकं चपटी, टपोरी, हिरवी पण त्यावर जांभळी छटा, आणि कुसळ अजिबात नाही. कुसळ आपल्याला सांगायला नको, पावसाळ्यानंतर ट्रेकला गेलो की सॉक्समधून काढत बसतो तेच.

हे झालं साधं रूप, बी धरणारं. दुसरं रूप मी फोटोत काढलं ते. त्यात कणिशकाची खालची दोन तुसं नेहमीसारखीच असतात, पण त्याच्या वर फूल व्हायच्या ऐवजी तूसच लांब होत जातं, हिरवं होतं, पान होतं, त्यातून दुसरं पान निघतं, तिसरं निघतं, आणि एक पूर्ण पिल्लू रोप तिथेच आईच्या डोक्यावर तयार होतं. आईकडून पाणी घेतं, स्वतःच्या पानांनी उन्हात अन्न बनवतं. पिल्लं मोठी झाली, पावसानं दवानं जड झाली, की दांडी हळूहळू वाकते आणि सगळा पाळणाच जमिनीला टेकतो. ओल मिळाली की पिल्लांच्या बुडाला मुळं फुटतात, दांडी कुजून जाते, आणि पोरं वेगळी राहायला लागतात.

बाल्कनीत टांगलेलं स्पायडर प्लांट बघितलंय ना? लांब दांडीला छोटी छोटी झाडं लोंबत असतात ते. तसंच हे. किंवा शेताच्या बांधावरचं घायपात आठवा, त्याचा बांबूएवढा फुलोरा संपत आला की त्यावरच शेकडो छोटी घायपातं लागतात आणि खाली पडून रुजतात.

लिनियसनं १७५३ मधे या गवताला नाव दिलं तेव्हाच हे पोरवालं रूपही वेगळं नोंदवलं होतं आणि त्याला विविपारा म्हटलं होतं, म्हणजे जिवंत पिल्लं देणारं. मी आपलं आईच्या शब्दात लेकुरवाळं म्हणते.

म्हणजे बी झाडावरच उगवलं ना, त्यात काय एवढं?

काकांचा मुद्दा. आणि तो चुकीचा असला तरी वेडगळ नाहीये, कारण असं होतं खरंच. खरीप ज्वारी काढणीला आली आणि नेमका तेव्हाच पाऊस लागून राहिला की कणसातल्या दाण्यांना उभ्या पिकात कोंब फुटतात, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला सांगायला नको. कोकणात खाडीकाठी कांदळ असतो, त्याच्या फळातलं बी झाडावर असतानाच उगवतं आणि हातभर लांब हिरवा सोटा खाली लोंबतो, मग चिखलात पडतो. ही दोन्ही उदाहरणं खरोखरची बी उगवण्याची. म्हणजे आधी फूल आलं, पराग पडले, बी धरलं, आणि मग ते बी जरा घाईनं उगवलं. त्यात आई आहे आणि बाप आहे.

लेकुरवाळ्या पोआ अल्पिनात बी धरलंच जात नाही. फूल व्हायची वेळ आली तेव्हा शेंड्यानं बेत बदलला आणि फुलाऐवजी पालवी काढली. म्हणून पिल्लू आईची हुबेहूब नक्कल, क्लोन. पानफुटीच्या पानाच्या कडेला जी रोपं येतात तीही क्लोन, उसाचं बेणं लावतो तो क्लोन, केळीचे मुनवे क्लोन, आणि हळकुंडाची पिल्लं पण क्लोन. म्हणून म्हटलं आई जवळ होती. तिला ते माहीत नव्हतं, पण नजर बरोबर होती.

ओळखायची सोपी युक्ती अशी की एक पिल्लू अलगद सुटं करून त्याच्या बुडाशी भिंगानं बघा. उगवलेल्या दाण्याला दाण्याचं टरफल चिकटलेलं असतं. इथे दाणा नाहीच, नुसतं पानाला पान.

एवढा खटाटोप कशाला?

उन्हाळा छोटा म्हणून. अडीच हजार मीटरवर बर्फ हटता हटता जून संपतो, कधी जुलै उजाडतो, आणि सप्टेंबरमधे परत भुरभुरायला लागतं. मधे मिळाले अडीच-तीन महिने. त्यात फुलायचं, वाऱ्यावर भरवसा ठेवून पराग मिळवायचे, दाणा भरायचा, पिकवायचा, टाकायचा. आपल्याकडे नव्वद दिवसांचं पीक घेतोच की असं म्हणाल, पण आपल्याकडे त्या नव्वद दिवसांत रात्री गारठून पाणी गोठत नाही. एखादा उन्हाळा थंड गेला की दाणा भरायच्या आत बर्फ. वर्षभराची मेहनत पाण्यात, म्हणजे बर्फात.

आणि समजा दाणा पिकला, तरी पुढच्या वर्षी तो उगवणार, त्या इवल्याशा रोपाला पहिल्याच उन्हाळ्यात मुळं धरायची आणि थंडीला तोंड द्यायची ताकद कमवायची. लेकुरवाळं रूप ही अख्खी पायरी गाळतं. पोरगं जमिनीवर उतरतं तेच तीन-चार पानांचं.

मग सगळीच झाडं असं का करत नाहीत? कारण याची किंमत आहे. बी हे डब्यात बंद केलेलं जेवण, कोरडं राहतं, मातीत थांबतं, बरा मोसम येईपर्यंत वाट बघतं. पिल्लू म्हणजे ताटात वाढलेलं. पडल्यावर लगेच ओल मिळाली तर ठीक, नाहीतर चार दिवसांच्या कोरड्या वाऱ्यात सुकून जातं. म्हणून हे रूप ओलसर जागी, बर्फ वितळून पाणी झिरपतं अशा ठिकाणी जास्त खुशीत असतं. स्वित्झर्लंडमधे गावोगावच्या कुरणांतून या गवताची रोपं गोळा करून अभ्यास झालेत, त्यात साधारण हेच दिसतं की जितकं उंच जावं तितका पोरांचा मार्ग जास्त. पण ते काटेकोर नाही. एकाच उतारावर बीवाली आणि पोरवाली शेजारी शेजारी सापडतात, आणि कधी कधी एकाच कणिशकात खालचं फूल धड आणि वर पिल्लू. कल आनुवंशिक, पण दिवस किती मोठा आणि गारवा किती यावर तो पुढेमागे सरकतो.

सगळे क्लोन म्हणजे एक रोग आला की खेळ खलास?

हा प्रश्न भाऊबंदात सगळ्यात आधी आला, आणि बरोबर आहे. केळीच्या बागेत हीच भीती असते. पण इथे दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, एका कुरणात एकच क्लोन नसतो. अनेक घराणी असतात, प्रत्येकाची आपली पिलावळ, सगळी एकमेकांत मिसळून उभी. आणि अधूनमधून खरं बी पण होतं, त्यातून नवीन घराणं सुरू होतं. वर्षानुवर्षं टिकणारं गवत आहे हे, त्यामुळे पन्नास वर्षांत चार वेळा जरी नवीन मिसळण झाली तरी बरंच झालं.

दुसरी गोष्ट जरा गंमतशीर. बी म्हणजे आईबापाची मिसळण, हे आपण धरूनच चालतो, पण पोआच्या कुळात कितीतरी वेळा बी सुद्धा बिनबापाचं असतं. दाणा भरतो, दिसायला चारचौघांसारखा, पण आतला गर्भ निव्वळ आईचा. म्हणजे बीवालं रूप तेवढं शहाणं आणि पोरवालं क्लोन, असा हिशोब लागतच नाही.

असं का, याचं एक कारण गुणसूत्रांत आहे. माणसाची ४६, ठरलेली. पोआ अल्पिनाची वेगवेगळ्या ठोंबांत वेगवेगळी, कुठे २२, कुठे तिशीत, कुठे चाळीसच्या वर, आणि विषम आकडेसुद्धा. बी धरताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात, आकडा असा अडनिडा असला की कोणीतरी जोडीशिवाय उरतंच. खायच्या केळ्याला बी नसतं त्याचं कारणही याच जातीचं, तीन संच, जोडी लागणार कशी. मग केळीनं मुनव्यांचा रस्ता धरला, आणि या गवतानं पिल्लांचा आणि बिनबापाच्या बियांचा.

याचं टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या आणि स्कँडिनेव्हियाच्या डोंगरांवर आहे. तिथे पोआ अल्पिना आणि पोआ फ्लेक्सुओसा यांचा संकर झालेलं एक गवत आहे, पोआ जेम्टलँडिका. संकर असल्यामुळे ते वांझ, खेचरासारखं. पण खेचराला जे जमत नाही ते याला जमतं, डोक्यावर पिल्लं काढायची आणि पुढे चालायचं. त्याला दुसरा रस्ताच नाही.

ज्यांच्याशी घोळ होतो ते

इथे थोडं थांबावंच लागेल, कारण लेकुरवाळं दिसलं म्हणजे झालं पोआ अल्पिना, असं समजून मी पण एकदा तोंडावर पडले.

उत्तर युरोपात फेस्टुका विविपारा नावाचं गवत आहे, त्यालाही अशीच पोरं. फरक पानांत. त्याची पानं सपाट नाहीत, गुंडाळलेली, तारेसारखी बारीक. पोआ अल्पिनाचं पान पट्टीसारखं. अंधारात हाताला सुद्धा कळेल इतका फरक आहे. दुसरं एक डेशाम्प्सिया अल्पिना, त्याच्या पानावर वरच्या बाजूनं उभ्या शिरा उठलेल्या असतात, बोट आडवं फिरवलं की खरखरतात, रुळांसारख्या दोन रेषा तिथे मिळणार नाहीत.

सगळ्यात फसवं म्हणजे सख्खं चुलत, पोआ बल्बोसा. त्यालाही पोरं येतात, बहुतेक जांभळट. ओळख परत बुडाशीच. बल्बोसाच्या प्रत्येक फुटव्याच्या खाली छोटा कांदा असतो, अगदी पातीच्या कांद्यासारखा, आणि पानं अरुंद. अल्पिनाचं बूड जाड दिसतं ते पाचटानं, सोलत गेलात तर आत कांदा नाही. शिवाय बल्बोसा कोरड्या जागेतलं, वसंतात उरकून घेतं आणि उन्हाळ्यात वाळून जातं. काश्मीरला ट्रेकला जाणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा. पश्चिम हिमालयात पोआ अल्पिनाची नोंद आहे, पण बल्बोसाही तिथे भरपूर, तेव्हा पोरं दिसली म्हणून उड्या मारू नका, आधी कांदा बघा.

बीवालं रूप असेल तर वेगळे दोघे आडवे येतात. एक पोआ प्राटेन्सिस, लॉनमधे लावतात ते, जमिनीखालून धावतं त्यामुळे ठोंब होत नाही, हिरवळ होते. त्याच्या फुलाच्या तुसाच्या बुडाला कापसासारखी गुंतवळ असते, दहापट भिंगात छान दिसते. अल्पिनाच्या तुसावर शिरांना धरून केस असतात पण हा कापूस नसतो. दुसरं पोआ अॅन्युआ, जगभर फुटपाथच्या फटीत उगवणारं, मऊ, एखाद वर्षात मरणारं, पानाला बऱ्याचदा आडव्या सुरकुत्या. त्याला बुडाशी पाचट साठवायला आयुष्यच मिळत नाही, त्यामुळे तिथे सोपं जातं.

अॅपनं सांगितलं की, एवढं कशाला बघायचं?

अॅप वाईट नाही, मीही वापरते. पण अॅप बघतं ते तुम्ही दाखवलेलं. आपण वरून एक फोटो काढतो, त्यात हिरवी गुंतागुंत, मागे डोंगर, आणि ताईचा बूट. माझ्या फोटोवर पहिलं उत्तर कांद्याच्या जातीचं काहीतरी आलं होतं. फोटो काढायचेच तर चार काढा: बुडाचं पाचट बाजूला सारून, पात्याचं टोक, दांडीवर पान जिथे सुटतं तिथला पातळ पांढरा पडदा, आणि तुरा, शेजारी एखादं नाणं ठेवून म्हणजे माप कळतं. मग अॅप काय, कोणताही जाणकार माणूस सांगेल. आणि उपटू नका. शिनिगे प्लाटेला आल्प्समधल्या झाडांची एक बाग आहे, तिथलं तर नाहीच, बाहेरचंही नको, खाली बसून बघता येतं की.

गाईंना हे आधीपासून माहितीये

हे सगळं ऐकून ताईचा नवरा, जो तिथलाच आहे, म्हणाला की आमच्याकडे याला रोमाये म्हणतात आणि गाईंना हे इतकं आवडतं की त्यावर गवळ्यांचं गाणंच आहे. त्यात डोंगरातल्या चाऱ्याच्या तीन उत्तम वनस्पतींची नावं घेतात, त्यात हे एक. दूध चांगलं येतं म्हणे.

गाय तुरा खाते मग पोरांचं काय? काही जातातच. पण गवताचा वाढणारा कोंब जमिनीलगत असतो, वरचं खाल्लं तरी खालून फुटवे येत राहतात, लॉन कापलं की वाढतं तसं. आणि गाई जिथे बसतात, शेण टाकतात, तिथे हे जास्तच माजतं, कारण याला कसदार जमीन आवडते. नापीक जागी त्याच डोंगरावर नार्डस नावाचं ताठ, चिवट गवत असतं, त्याला गाय तोंड लावते आणि टाकून देते. शिनिगे प्लाटेलाच १९३० च्या आसपास अशा नार्डसच्या कुरणात काही तुकड्यांवर चुना आणि खत टाकून बघितलं होतं, आणि सत्तर वर्षांनी सुद्धा कोणत्या तुकड्यात चुना पडला होता ते तिथल्या झाडांवरून ओळखू येत होतं. थंड जमीन काही विसरत नाही लवकर. त्यामुळे डोंगरावरची गुरं बंद झाली किंवा एकाच जागी दाटली, की कुठलं गवत राहणार ते पार बदलून जातं.

मग डोंगर गरम झाले तर याचं भलंच की?

वरवर तसं वाटतं. उन्हाळा लांबला, बर्फ मागे हटला, नवी जमीन मोकळी झाली, आणि हे तर मोकळ्या दगडगोट्यांत बसणारं. स्कीच्या उतारांवर मशिनं फिरून माती उघडी पडते तिथे परत हिरवळ आणायला याचं बी वापरतात देखील, कारण खालच्या गावातलं स्वस्त लॉनचं बी टाकलं तर ते त्या उंचीवर फार दिवस टिकत नाही.

पण वर येणारं हे एकटं नाहीये. युरोपातल्या ३०२ शिखरांवरच्या झाडांच्या जुन्या नव्या नोंदी, मागच्या १४५ वर्षांतल्या, एकत्र करून २०१८ मधे एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की शिखरांवर नवीन जाती येण्याचा वेग वाढत चाललाय, २००७ ते २०१६ या दहा वर्षांत तो १९५७ ते १९६६ च्या पाचपट होता. स्वित्झर्लंडच्या पिझ लिनार्ड नावाच्या ३४१० मीटरच्या शिखरावर १८३५ मधे माथ्यावर एकच फुलझाड सापडलं होतं, २०११ मधे सोळा. वाढलं म्हणजे चांगलंच, असं म्हणायचा मोह होतो. पण खालून येणारी झाडं बरीचशी उंच, पसरट, भराभर वाढणारी, आणि वीतभर गवताला सावली म्हणजे उपासमार. खालच्यांना वर सरकायला जागा आहे, माथ्यावरच्यांनी कुठे जायचं.

आणि लेकुरवाळ्या रूपाची अडचण पाण्याची. गरम उन्हाळा म्हणजे लवकर वितळलेला बर्फ आणि ऑगस्टमधे कोरडी पडलेली जमीन, नेमकी पोरं खाली उतरायच्या वेळेला. बी थांबू शकतं, पोर थांबू शकत नाही. त्यामुळे माझा अंदाज असा, आणि हा माझाच अंदाज बरं का, की जिथे उन्हाळा लांबेल आणि कोरडाही होईल तिथे बीवाल्या रूपाचं पारडं जड होत जाईल, आणि लेकुरवाळं झिरपत्या पाण्याच्या, सावलीच्या बाजूच्या कोपऱ्यांत उरेल.

उशिरा गेलात, सप्टेंबरच्या मधल्या पंधरवड्यात वगैरे, आणि तुरे सगळे आडवे झालेले असले तरी निराश होऊ नका. जुना जाड बुडाचा ठोंब शोधा आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर जमीन चाचपा. तिथे आईभोवती अर्धवट गोलात इवले इवले झुबके बसलेले सापडतात, दांडी जेवढी लांब होती साधारण तेवढ्याच अंतरावर. मी मोजले तेव्हा अकरा होते, आणि दोघांच्या बुडाला अजून त्या वाळक्या दांडीचा तुकडा लटकत होता.